रणांगणामागचं गाव

इटलीत नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात सात अवाढव्य टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेले भिंतपडदे आहेत. प्रत्येकाची उंची चार मीटरहून अधिक, रुंदी आठ मीटरच्या आसपास. लोकर, रेशीम आणि सोन्याचांदीची जर वापरून विणलेल्या या साती पडद्यांचा विषय एकच आहे : २४ फेब्रुवारी १५२५ रोजी झालेली पावियाची लढाई. या लढाईत सम्राट पाचवा चार्ल्स याच्या फौजेने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याला कैद केलं. बर्नार्ड व्हॅन ऑर्ले या चित्रकाराने पडद्यांचे आराखडे केले, ब्रसेल्समधल्या डेरमॉयेन यांच्या कारखान्यात ते विणले गेले आणि १५३१ साली सम्राटाला नजर करण्यात आले.

या सातांपैकी एका पडद्यावर दर्शनी जागा राजाला किंवा सेनापतीला दिलेली नाही. ती पळणाऱ्या माणसांनी व्यापली आहे. सम्राटाचे सैनिक फ्रेंच छावणीत घुसले आहेत आणि छावणीतली बिगरलढाऊ वस्ती जीव मुठीत धरून बाहेर पडते आहे. त्यात बायका आहेत, नोकरचाकर आहेत, ओझ्याखाली वाकलेली माणसं आहेत, सामान लादलेली जनावरं आहेत. गाठोडी घाईघाईने बांधलेली दिसतात. मागे तंबू उभे आहेत. विजयाचं स्मारक म्हणून विणलेल्या या संचात विणकरांनी या पळापळीसाठी एक अख्खा पडदा खर्ची घातला आहे.

पावियाचा वेढा ऑक्टोबर १५२४च्या अखेरीस सुरू झाला होता. म्हणजे लढाईपूर्वी जवळजवळ चार महिने, ऐन हिवाळ्यात, ही वस्ती त्या शहराबाहेर राहत होती. तिथे रोज चुली पेटत होत्या, कपडे धुतले जात होते, घोड्यांना वैरण घातली जात होती, उसनवारी आणि भांडणं होत होती. प्रत्यक्ष लढाई मात्र पहाटे सुरू झाली आणि काही तासांत आटोपली. इतिहासाच्या पुस्तकांत त्या काही तासांना पानंच्या पानं मिळतात, आधीच्या चार महिन्यांना एखादी ओळ. युरोपीय प्रबोधनकाळातल्या चित्रकारांनी, निदान त्यांच्यातल्या काहींनी, हे माप वेगळं लावलं होतं. त्यांच्या चित्रांतल्या छावण्या नीट पाहिल्या तर युद्ध म्हणजे काय, याची समजच बदलते. म्हणून या चित्रांकडे शोभेची पार्श्वभूमी म्हणून पाहणं सोडून इतिहासाचा ऐवज म्हणून पाहिलं पाहिजे.

छावणीत इतकी बिगरलढाऊ माणसं कशी, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर त्या काळच्या लष्करी व्यवस्थेत आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट मॅक्सिमिलियनच्या काळात जर्मन मुलखात लांड्सक्नेख्त नावाच्या भाडोत्री पायदळाचा उदय झाला. साध्या शिपायाला महिन्याला चार गुल्डन पगार ठरलेला असे. आजच्या फौजेसारखा सरकारी मुदपाकखाना नव्हता, धोबी नव्हता, इस्पितळ नव्हतं. शिपायाने आपलं शस्त्र आणायचं, आपले कपडे शिवून घ्यायचे आणि पगारातून छावणीच्या बाजारात शिधा विकत घ्यायचा, अशी रीत होती. त्यामुळे फौजेच्या मागे बाजार चालत असे. खाटीक, पाववाले, दारू विकणारे, मोची, शिंपी असे सगळे पोटासाठी त्या वाटेला लागलेले. आणि त्यांच्याबरोबर शिपायांच्या बायका, त्यांच्या मैत्रिणी, पोरंटोरं आणि सामान वाहणारी गडीमाणसं.

या सगळ्यांवर लक्ष ठेवायला अधिकारी नेमलेले असत. प्रोफोस नावाचा अधिकारी छावणीतली शिस्त आणि बाजार सांभाळायचा, मालाचे भाव बांधून द्यायचा. बायका-पोरं आणि सामानाच्या गाड्यांचा काफिला हाकायला हूरेनवायबेल नावाचा वेगळा अधिकारी असे. लिओनहार्ट फ्रोन्सपेर्गर याने १५६०-७०च्या दशकांत जर्मन भाषेत युद्धव्यवहारावर मोठे ग्रंथ लिहिले. १५७३च्या आवृत्तीतली चित्रं योस्ट आमान याने काढली. फ्रोन्सपेर्गर स्वतः लष्करात वावरलेला माणूस होता. छावणीतल्या बायकांची कामं त्याने तपशिलात नोंदवली आहेत : रांधणं, झाडलोट, कपडे धुणं, आजाऱ्यांची आणि जखमींची शुश्रूषा, इतकंच काय, शौचखड्ड्यांची सफाईसुद्धा. वेढा असेल तेव्हा खंदक बुजवायला फांद्यांचे भारे वाहणं आणि माती उपसणं हेही त्यांच्याच वाट्याला येई.

ही यादी वाचून मग चित्रं पाहिली की नजर वेगळ्या गोष्टींवर स्थिरावते.

दक्षिण जर्मनीत, १४८०च्या सुमारास तयार झालेली ‘वोल्फेगचं हाउसबुक’ या नावाने ओळखली जाणारी एक सचित्र हस्तलिखित वही आहे. तिच्यात एका लष्करी छावणीचं दोन पानं व्यापणारं रेखाचित्र आहे. सामानाच्या गाड्या एकमेकींना लागून कड्यासारख्या उभ्या केल्या आहेत आणि त्या कड्याच्या आत तंबू, निशाणं, माणसं, जनावरं यांची दाटी झाली आहे. आदल्या दिवशी धान्य आणि भांडी वाहणारी गाडी मुक्कामाच्या जागी तटबंदीचं काम करते. हा तपशील एका दृष्टिक्षेपात कळतो. लढणारे आणि ओझी वाहणारे यांच्यात आपण जी पक्की रेघ ओढतो, ती त्या छावणीत नव्हतीच.

स्वतः सम्राटालाही हे मान्य होतं, याचा भक्कम पुरावा आहे. मॅक्सिमिलियनने आपल्या गौरवासाठी एक विजययात्रा कागदावर उभी करायला सांगितली. प्रत्यक्षात अशी मिरवणूक कधी निघाली नाही. १३०हून अधिक लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रमालिका एकापुढे एक लावली तर ५४ मीटरच्या आसपास जाते. अल्ब्रेख्त ड्यूरर, हान्स बुर्कमायर अशा त्या काळच्या नामवंतांनी तिच्यावर काम केलं. कोणी कुठे चालायचं याचा मजकूर सम्राटाने १५१२ साली आपल्या चिटणिसाला सांगून लिहून घेतला होता. मालिका छापली गेली ती १५२६ साली, सम्राटाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. तिच्यात वाजंत्री आहे, शिकारी आहेत, सरदार आहेत, रथ आहेत. आणि सगळ्यांच्या शेवटी येतो सामानाचा काफिला. तो अल्ब्रेख्त आल्टडॉर्फरने रेखाटला.

आल्टडॉर्फरने या काफिल्याला मिरवणुकीची शिस्त लावली नाही. पुढची पथकं मोकळ्या पांढऱ्या कागदावर ओळीने चालतात. काफिला मात्र दाट झाडीतून आणि डोंगरातल्या वाटेवरून येतो. गाड्या आहेत, ओझी घेतलेल्या बायका आहेत, पायी रखडणारी माणसं आहेत. ना रांग, ना ताल. पण त्या पाचदहा बोटांच्या आकृत्यांमध्ये चालण्याचे कष्ट उमटले आहेत. ५४ मीटरच्या त्या वैभवात खऱ्याखुऱ्या जमिनीवरून, चढउतारावरून चालतात ते हेच लोक. सम्राटाच्या गौरवगाथेत त्यांना जागा मिळाली, कारण त्यांच्याशिवाय कोणतीही मोहीम एक मुक्कामही पुढे सरकत नाही, हे मॅक्सिमिलियनला अनुभवाने ठाऊक होतं.

पुढच्या पिढीत न्यूरेंबर्ग शहर अशा छापचित्रांचं मोठं केंद्र झालं. एर्हार्ड श्योन, हान्स झेबाल्ट बेहाम, निक्लास श्टोर यांनी १५३०च्या आसपास लांड्सक्नेख्त शिपायांची आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांची कितीतरी चित्रं काढली. ती लाकडी ठशांवर स्वस्तात छापली जात आणि बाजारात विकली जात. फाडलेल्या बाह्यांमधून आतलं रंगीत कापड दिसणारा झोकदार शिपाई, आणि त्याच्या शेजारी पाठीवर गाठोडं, हाताशी भांडीकुंडी घेतलेली बाई. दोघं एकाच वाटेवर निघालेली. शिपायाच्या खांद्यावर भाला आहे, बाईच्या अंगावर अख्खा संसार. या चित्रांच्या गिऱ्हाइकांत असे शहरी कारागीरही असणार, ज्यांची मुलं आणि भाऊ फौजेत भरती होत होते. म्हणून हा विषय त्यांच्या घरातला होता.

काही चित्रकार तर स्वतःच शिपाई होते. स्वित्झर्लंडचा उर्स ग्राफ हा व्यवसायाने सोनार, राहायला बाझेल शहरात, आणि पुन्हा पुन्हा भाडोत्री शिपाई म्हणून इटलीत गेलेला. १५१५च्या मारिन्यानोच्या लढाईत स्विस पायदळाचा मोठा संहार झाला, त्या मोहिमेत तो होता. तो आपल्या सहीबरोबर स्विस खंजीर काढायचा. १५२१ साली त्याने शाईने काढलेलं एक रेखाचित्र बाझेलच्या कलासंग्रहालयात आहे. जमिनीवर प्रेतांचा खच पडला आहे, काही प्रेतांच्या अंगावर कपडाही उरलेला नाही. झाडाला माणसं लटकलेली आहेत. मागे गाव जळतं आहे आणि दोन फौजा अजून एकमेकींना भिडलेल्या आहेत. आणि अगदी पुढच्या बाजूला एक शिपाई मान मागे टाकून बाटलीतून घटाघटा पितो आहे.

हा पिणारा शिपाई फार महत्त्वाचा आहे. तो क्रूर म्हणून दाखवलेला नाही, शूर म्हणूनही नाही. त्याला तहान लागली आहे. रणांगणावर न गेलेल्या चित्रकाराने तिथे आकाशाकडे हात उंचावणारा वीर किंवा आक्रोश करणारी आई ठेवली असती. ग्राफने तहान ठेवली, कारण लढाईनंतर घसा कसा कोरडा पडतो हे त्याने भोगलं होतं.

ग्राफचंच १५१४ सालचं आणखी एक रेखाचित्र पाहणाऱ्याला अस्वस्थ करतं. त्यात एक तरुण बाई उभी आहे. तिला दोन्ही हात नाहीत आणि एका पायाच्या जागी लाकडी खुंट आहे. अंगावर चांगले कपडे आहेत. अभ्यासक तिला छावणीबरोबर फिरणारी बाई मानतात. तिच्यावर काय गुदरलं, हे चित्र सांगत नाही. पण जखमी शिपायांची नोंद फौजेच्या दप्तरात निदान कुठेतरी होते, हिची कुठेच झाली नाही. ती आज आपल्यापुढे आहे ती केवळ या एका कागदामुळे.

ग्राफचा समकालीन निक्लाउस मानुएल हा बर्नचा चित्रकार. तोही १५२२ साली इटलीच्या मोहिमेवर गेला होता. या दोघांच्या चित्रांत मृत्यू सांगाड्याच्या रूपात पुन्हा पुन्हा येतो. ग्राफच्या १५२४च्या ठशात दोन शिपाई उभे आहेत, शेजारी मांडीवर छोटं कुत्रं घेऊन एक बाई बसली आहे, आणि वर झाडाच्या फांदीवर वाळूचं घड्याळ घेऊन मृत्यू बसला आहे. खालच्या कोणाचंच तिकडे लक्ष नाही. मोहिमेवर गेलेल्या माणसाला छावणीतला निवांतपणा असाच दिसत असणार.

इटलीत चित्र निराळं होतं. जे. आर. हेल या इंग्रज इतिहासकाराने १९९० साली ‘आर्टिस्ट्स अँड वॉरफेअर इन द रेनेसाँस’ या ग्रंथात हा फरक विस्ताराने मांडला. इटली ही त्या काळातल्या युद्धांची मुख्य भूमी, चित्रकलेचीही राजधानी. तरीही इटालियन चित्रकारांनी शिपायाच्या रोजच्या जगण्याकडे फारसं पाहिलं नाही. तो विषय जर्मन आणि स्विस चित्रकारांनी हाताळला. याचं एक कारण चित्राच्या गिऱ्हाइकात आहे. न्यूरेंबर्गचा ठसा चार पैशांत कोणीही घेई. इटलीतली मोठी कामं चर्च, नगरपालिका आणि दरबार यांच्याकडून मिळत, आणि त्यांना संत, प्राचीन वीर आणि आपले विजय हवे असत.

तरीही छावणी इटालियन चित्रांत येतेच, धार्मिक कथेच्या आडून. अरेत्सोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. त्यांतलं एक म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइनचं स्वप्न. लढाईच्या आदल्या रात्री सम्राट तंबूत झोपला आहे. वरून देवदूत झेपावतो आहे आणि त्याच्या तेजाने तंबूचं कापड उजळलं आहे. कथा एवढीच. पण पिएरोने तंबूच्या दाराशी दोन पहारेकरी उभे केले आणि सम्राटाच्या पलंगाशी एक सेवक बसवला. हा सेवक हाताला डोकं टेकून बसला आहे. त्याला देवदूत दिसत नाही. त्याला जागायचं आहे, कारण मालक झोपला आहे. मागच्या अंधारात छावणीतले आणखी तंबू पुसटसे दिसतात. पाश्चात्त्य कलेतल्या सुरुवातीच्या रात्रीच्या दृश्यांपैकी हे एक म्हणून त्याची कीर्ती आहे. ती रात्र जागणाऱ्या सेवकाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

मायकेलअँजेलोने तर छावणीतला एक अगदी साधा क्षण निवडून त्याचं महाचित्र करायला घेतलं होतं. १५०४ साली फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने त्याच्याकडे आपल्या सभागृहासाठी १३६४ सालच्या कास्चिनाच्या लढाईचं चित्र मागितलं. दुसऱ्या भिंतीचं काम लिओनार्दो द व्हिंचीकडे होतं. मायकेलअँजेलोने घोडे, भाले, निशाणं बाजूला ठेवली. जुलैचा उकाडा असह्य होऊन फ्लॉरेन्सचे शिपाई आर्नो नदीत उतरले आहेत आणि तेवढ्यात शत्रू आल्याची आरोळी उठते, हा प्रसंग त्याने घेतला. भित्तिचित्र पूर्ण झालंच नाही. त्याचा मोठा आराखडा तुकडे होऊन नाहीसा झाला. आज इंग्लंडच्या होल्कम हॉलमधल्या, १५४२च्या सुमाराच्या नकलेवरून त्याची कल्पना येते. चित्रकार आणि चित्रकारांचा चरित्रकार जॉर्जो वासारी याने या आराखड्यातल्या एका म्हाताऱ्या शिपायाचं वर्णन केलं आहे. उन्हापासून डोकं वाचवायला त्याने आयव्हीच्या वेलीचं वेटोळं डोक्यावर घातलं आहे. तो पायमोजे चढवायला बसला आहे, पण पाय ओले असल्याने ते वर सरकत नाहीत. आरोळ्या आणि नगाऱ्याचा आवाज येतो आहे आणि तो जिवाच्या आकांताने मोजा ओढतो आहे. त्याच्या स्नायूंवर, चेहऱ्यावर ती धडपड दिसते. ओल्या पायावर मोजा न चढणं हा कोणाच्याही अनुभवातला त्रास. मायकेलअँजेलोने तो युद्धाच्या मध्यभागी ठेवला, आणि पुढे कित्येक तरुण चित्रकार हा आराखडा समोर ठेवून शिकले.

काही चित्रकार उंच जागी चढून बसले आणि त्यांनी छावणीचा पूर्ण विस्तार एका नजरेत पकडला. १५२९ साली तुर्की सुलतान सुलेमानच्या फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला. तेव्हा शहराच्या सेंट स्टीफन चर्चच्या मनोऱ्यावरून एका चित्रकाराने चहूबाजूंचा देखावा टिपला. न्यूरेंबर्गच्या निक्लास मेल्डेमानने त्यावरून १५३० साली वर्तुळाकार छापचित्र काढलं. मध्ये शहर आणि भोवती क्षितिजापर्यंत पसरलेले तंबू. १५४६ साली बव्हेरियातल्या इंगोलश्टाटजवळ पाचव्या चार्ल्सची छावणी पडली होती. ती हान्स मीलिखने चर्चच्या मनोऱ्यावरून पाहून १५४९ साली अनेक ठशांच्या भव्य चित्रात उतरवली. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोत वासारीने त्या शहराला पडलेल्या १५२९-३०च्या वेढ्याचं भित्तिचित्र रंगवलं, त्यासाठी तोही उंच ठिकाणी जाऊन आणि छपरावर बसून रेखाटनं करत होता. त्या चित्रात शहराभोवतीच्या टेकड्या तंबूंनी भरून गेल्या आहेत. तिथे पाचव्या चार्ल्सच्या फौजेतले जर्मन, स्पॅनिश, इटालियन लोक आपापल्या गोटात तळ देऊन होते. ऑक्टोबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत ते तिथेच राहिले. एवढ्या काळात आसपासच्या शेतांचं, फळबागांचं, लाकूडफाट्याचं काय झालं असेल, हे चित्र पाहताना आपोआप मनात येतं. परमुलखातली फौज आसपासच्या शेतकऱ्याच्या घासावरच जगते.

पगार थकला की हीच छावणी उलटायची. मार्च १५२७मध्ये बोलोन्याजवळच्या तळावर उपाशी आणि बिनपगारी लांड्सक्नेख्त शिपायांनी बंड केलं. त्यांचा सेनापती गेऑर्ग फॉन फ्रुंड्सबेर्ग त्यांना समजावायला उभा राहिला आणि तिथेच त्याला पक्षाघाताचा झटका आला. ६ मेला त्याच फौजेने रोम लुटलं. रोमच्या लुटीबद्दल लिहिताना धर्मयुद्धाची आणि राजकारणाची कारणं सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण चुलीवर काहीच नसणं हेही तितकंच मोठं कारण होतं.

छावणीच्या चित्रांचा सर्वांत समृद्ध संच पाचव्या चार्ल्सच्या ट्युनिस स्वारीचा आहे. १५३५च्या उन्हाळ्यात सम्राट आरमार घेऊन उत्तर आफ्रिकेत उतरला. बरोबर यान कॉर्नेलिस व्हर्मेयेन हा डच चित्रकार होता. त्याने जागेवर रेखाटनं केली. १५४६ साली सम्राटाची बहीण, हंगेरीची मेरी हिच्याशी करार झाला आणि बारा पडद्यांचे पूर्ण आकाराचे आराखडे तयार झाले. ब्रसेल्समध्ये विलेम द पान्नेमाकरच्या कारखान्यात ते विणून १५५४ साली पूर्ण झाले. आराखड्यांपैकी दहा आज व्हिएन्नात आहेत, पडदे माद्रिदला. व्हर्मेयेनने त्यांत रेखाटन करणाऱ्या आपल्या स्वतःच्या आकृतीलाही जागा दिली, जणू हे मी पाहिलं आहे अशी साक्ष देण्यासाठी.

त्या स्वारीतला सर्वांत मोठा शत्रू तहान होती. जुलैचं आफ्रिकेतलं ऊन, अंगावर लोखंडी चिलखत आणि वाळूतून चाल. एका पडद्याचा विषयच ट्युनिसच्या विहिरींजवळची लढाई असा आहे. ट्युनिस पडल्यानंतर शहराची लूट झाली, आणि तिथली माणसं कैद करून विकली गेली. व्हर्मेयेनने तेही दाखवलं. सम्राटाच्या गौरवासाठी केलेल्या पडद्यावर विकली जाणारी बायका-मुलं आहेत. त्या काळी कोणाला याची लाज वाटत नव्हती, म्हणून ते विणलं गेलं. आज आपल्याला ते पुरावा म्हणून वाचता येतं.

या स्वारीचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. ट्युनिसच्या मोहिमेत पोर्तुगालहून गेलेल्यांमध्ये दों जुआंव द काश्त्रु होता. दहा वर्षांनी तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. १५४६ साली गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने दीवच्या किल्ल्याला घातलेला वेढा त्याने उठवला. किल्ल्याच्या डागडुजीसाठी पैसा हवा होता, तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे पाठवल्याची कथा प्रसिद्ध आहे. १५४७ साली त्याने रोमन सेनापतींच्या थाटात गोव्यात विजयप्रवेश केला. पुढे ब्रसेल्सच्या विणकरांनी त्याच्या पराक्रमावर दहा पडद्यांचा संच विणला. तो आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. म्हणजे सोळाव्या शतकातल्या युरोपीय युद्धचित्रांच्या या परंपरेत दीव आणि गोवाही विणले गेले.

दीवच्या या वेढ्याच्या पोर्तुगीज बखरींत आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. तोफांनी तट फुटत होता आणि किल्ल्यातल्या बायका दगडमाती वाहून तो पुन्हा उभा करत होत्या. फ्रोन्सपेर्गरने जर्मन छावणीतल्या बायकांची जी कामं लिहिली, तीच ही. हजारो मैल अंतरावरही युद्धाचा गाडा असाच चालत होता. गोमंतकाच्या इतिहासावर मराठीत पुष्कळ आणि चांगलं लेखन झालं आहे. काश्त्रुचा विजयप्रवेश त्यात येतो. तट बांधणाऱ्या बायकांनाही त्यात तेवढ्याच ठळकपणे आणलं पाहिजे.

या चित्रांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. न्यूरेंबर्गची छापचित्रं नीतिपाठ देण्यासाठी काढलेली होती, त्यांत छावणीतल्या बाईला चवचाल आणि शिपायाला उधळ्या ठरवलेलं असे. टॅपेस्ट्री तर जेत्याच्या गौरवासाठी विणलेला प्रचार. मग त्यांना पुरावा कसं मानायचं? आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. कोणतंही दप्तर कोणाच्या तरी हेतूने लिहिलेलं असतं. इतिहासकार त्याला टाकून देत नाहीत, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहतात. चित्रकाराने बाईवर शिक्का काय मारला, हे त्याच्या काळाचं मत झालं. पण तिच्या पाठीवर ओझं किती होतं, हातात कोणती भांडी होती, ती कोणत्या वाटेने चालत होती, हे त्याने डोळ्यांनी पाहून काढलं होतं. बार्टन हॅकर यांनी १९८१ साली आणि जॉन लिन यांनी २००८ साली बायकांच्या लष्करी श्रमांवर जे संशोधन मांडलं, त्यातून हेच पुढे येतं : या श्रमांवाचून त्या काळच्या फौजा तग धरूच शकल्या नसत्या.

चित्रांत जे फारसं येत नाही, त्याचीही दखल घ्यायला हवी. १५२८ साली नेपल्सला वेढा घालून बसलेली फ्रेंच फौज रोगराईने खलास झाली. तिचा सेनापती लोत्रेक त्यातच मेला. छावणीतली घाण, दूषित पाणी आणि दाटी यांनी तलवारीपेक्षा जास्त माणसं मारली. बाळंतपणं छावणीत होत, मुलं तिथे वाढत आणि मरत. मोठ्या चित्रांत हे जवळपास नाही. त्यासाठी पत्रं, हिशेब आणि बखरीच चाळाव्या लागतात. चित्रं अपुरी आहेत, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे युरोपीय प्रबोधनाची ओळख शाळेत होते ती मोनालिसा, डेव्हिडचा पुतळा आणि सिस्टिन चॅपलच्या छतातून. ही शिखरं शिकवलीच पाहिजेत. पण त्याच मायकेलअँजेलोने ओल्या पायावर मोजा ओढणारा म्हातारा शिपाई काढला होता, हेही मुलांना कळलं तर तो काळ त्यांना जिवंत माणसांचा वाटेल. पाठ्यपुस्तकात लढाईचा नकाशा छापताना शेजारी आल्टडॉर्फरचा काफिला किंवा हाउसबुकमधली छावणी छापायला जागा फार लागत नाही. या चित्रांचे हक्क कधीच संपले आहेत, आणि बाझेल, व्हिएन्नासारख्या ठिकाणच्या संग्रहालयांनी आपल्या संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवर पाहण्यासाठी खुला केला आहे.

हे काम पाठ्यपुस्तक मंडळाची वाट पाहत थांबण्यासारखंही नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी एखाद्या तासाला असं एक चित्र वर्गात पडद्यावर दाखवावं आणि मुलांना एकच काम द्यावं : यात स्वयंपाक कोण करतंय, पाणी कोण आणतंय, ओझं कोण वाहतंय, ते शोधा. मग लढाईची सनावळी खुशाल शिकवावी.